खुर्च्या मोजणारा साहेब

आपल्यापैकी बहुतेकांनी पहिली नोकरी केली ती डोळ्यांनी काम मोजणाऱ्या साहेबाच्या हाताखाली. कोण किती वाजता आला, कोण जेवून उशिरा परतला, याची नोंद त्याच्या डोक्यात पक्की असे. जेसन फ्राइड आणि डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २०१३ साली ‘रिमोट: ऑफिस नॉट रिक्वायर्ड’ हे पुस्तक लिहिले ते या साहेबावरच नेम धरून. त्याच वर्षी याहूने घरून काम करणाऱ्यांना कचेरीत परत बोलावले होते, हा योगायोगही बोलका आहे.

लेखकांचे म्हणणे थोडक्यात असे: व्यवस्थापकाने खुर्च्या नव्हे, काम सांभाळावे. घरी बसलेला माणूस कामचुकारपणा करील यापेक्षा तो थांबणारच नाही, हा धोका मोठा. हे निदान मला पटते. शांघायच्या सीट्रिप कंपनीत २०१०-११ मध्ये नऊ महिने प्रयोग झाला. घरून फोन घेणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. त्यातला मोठा वाटा मधल्या विश्रांती आणि आजारपणाच्या रजा घटल्याचा होता.

पण त्याच प्रयोगात तितकेच काम करूनही घरी बसणाऱ्यांना बढती कमी मिळाली. सर्वांना समान वागवा, असे लेखक सांगतात खरे. पण ते स्वतः मालक आहेत. बढती त्यांच्याच हातात. मधल्या फळीतल्या व्यवस्थापकाला मात्र न दिसणाऱ्या माणसासाठी वर जाऊन भांडावे लागते. ‘कुठेही राहा’ हा सल्लाही आपल्यातल्या अनेकांना लागू नाही. एच-१बी व्हिसावरच्या माणसाने दुसऱ्या महानगर क्षेत्रात बिऱ्हाड हलवले आणि तिथून काम करायचे म्हटले, तर कंपनीला सुधारित अर्ज करावा लागतो.

माझी चूक सांगतो. २०२० मध्ये आमचा गट घरून काम करू लागला. यादीतली कामे वेळेवर होत होती, म्हणून मी निर्धास्त. एके दिवशी एका तरुण मुलाचा राजीनामा आला. चार महिने तो एकाच अडचणीशी रात्री जागून एकटा झगडत होता. ‘साहेबांना कशाला त्रास द्यायचा?’ म्हणून बोलला नाही. हे संस्कार कुठले, ते आपल्याला ठाऊक आहे! कचेरीत त्याचा ओढलेला चेहरा मला दिसला असता. घरून काम सुरू झाल्यावर तो मुद्दाम बघायला हवा होता.

प्रत्येकाशी नियमित एकेकट्याने बोला, असे पुस्तकही सुचवते, पण ते थोडक्यात उरकते. मला आता तेच व्यवस्थापकाचे मुख्य काम वाटते. दर आठवड्याला अर्धा तास, कामाची यादी बाजूला ठेवून. पहारेकऱ्याची गरज संपली हे लेखकांनी छान पटवले आहे. त्याच्या जागी वडीलधारा कोणीतरी लागतो, हे सांगायला आणखी एक प्रकरण हवे होते.