प्रबंधलेखनातील मर्यादाविवेक : उंबेर्तो एको यांच्या मार्गदर्शिकेचे परीक्षण

संशोधक-विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका बहुधा दोन प्रकारच्या आढळतात. काही तळटीपा, समास व संदर्भसूची यांचे नियम सांगून संपतात. काही चिकाटी, आत्मविश्वास आदी गुणांचा उपदेश करून थांबतात. पहिल्या प्रकारात विद्यार्थी दिसत नाही, दुसऱ्या प्रकारात प्रबंध दिसत नाही. इटालियन चिन्हमीमांसक उंबेर्तो एको (१९३२–२०१६) यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रबंधलेखनविषयक ग्रंथ या दोहोंहून भिन्न आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर २०१५ मध्ये झाले. तोवर त्यातील टंकलेखनाचे नियम व टिपणपत्रांचे नमुने कालबाह्य झाले होते. तरीही ग्रंथ वाचला जातो, याचे कारण त्याच्या मूळ भूमिकेत शोधावे लागते.

ही भूमिका समजण्यासाठी त्याची पार्श्वभूमी ध्यानात घेणे अवश्य आहे. १९६९ मध्ये इटलीतील विद्यापीठांचा प्रवेश सर्व प्रकारच्या माध्यमिक शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्यांना खुला झाला. पदवीसाठी प्रबंध लिहिणे तेव्हा प्रत्येकालाच अनिवार्य होते. स्वतंत्र डॉक्टरेटची व्यवस्था तेथे १९८० मध्ये आली. परिणामी नोकरी करणारे, ग्रंथालयापासून दूर राहणारे, पुस्तके विकत घेऊ न शकणारे असंख्य तरुण प्रबंधाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले. एको यांनी लिहिले ते मुख्यतः यांच्यासाठी. ज्याच्यापाशी पैसा, वेळ व ओळखी नाहीत, त्याला प्रामाणिक संशोधन कसे करता येईल, हा या ग्रंथाचा खरा प्रश्न होय.

त्याचे उत्तर चार साध्या नियमांत आहे. विषय विद्यार्थ्याच्या पूर्वाभ्यासाशी जुळणारा असावा; साधने प्रत्यक्ष हाती येण्याजोगी असावीत; ती हाताळण्याची बौद्धिक तयारी असावी; आणि पद्धती अनुभवाच्या आवाक्यातील असावी. हे नियम इतके उघड आहेत की त्यांचा उल्लेखही अनावश्यक वाटावा. परंतु अर्धवट राहिलेल्या प्रबंधांचा विचार केला, तर बहुतेकांच्या मुळाशी यांपैकी एखाद्या नियमाचा भंगच सापडेल. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रांवर काम करण्याचा संकल्प चंद्रपूरच्या विद्यार्थ्याने सोडावा असे नव्हे. पण प्रवास, मुक्काम व प्रती मिळवण्याचा खर्च यांचा हिशेब विषय नोंदवण्यापूर्वी मांडला पाहिजे. महानुभावांच्या पोथ्यांवर लिहू इच्छिणाऱ्याला सकळ लिपी वाचता आली पाहिजे, निदान ती शिकण्याची तयारी तरी हवी. एको नवी भाषा वा विद्या शिकण्यास विरोध करीत नाहीत. तिचा वेळ आधी मोजून ठेवा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

विषय जितका आटोपशीर तितके काम अधिक सुरक्षित, हे एको यांचे प्रतिपादन आपल्याकडे विशेष मननीय आहे. 'मराठीच्या बोली : एक चिकित्सक अभ्यास' यांसारखे विस्तीर्ण शीर्षक नोंदवण्याचा मोह अद्याप ओसरलेला नाही. अशा विषयात कोणताही परीक्षक एखादी सुटलेली बोली, एखादा न वाचलेला लेख दाखवू शकतो व विद्यार्थी निरुत्तर होतो. उलट, एका तालुक्यातील मालवणीच्या नकारार्थी क्रियारूपांवर ज्याने स्वतः सामग्री गोळा केली, त्याला त्या विषयापुरते परीक्षकाहून अधिक ठाऊक असते. मर्यादा ही येथे दुर्बलाची ढाल ठरते. विषयाच्या जोडीला पहिल्याच टप्प्यावर काल्पनिक अनुक्रमणिका लिहून काढावी, हा सल्लाही याच विवेकातून आला आहे. ती पुढे पुष्कळदा बदलेल. परंतु काय वाचायचे नाही, हे तिच्यामुळेच ठरते.

एको केवळ उपदेश करीत नाहीत, ही या ग्रंथाची मोठी जमेची बाजू. आलेस्सांद्रिया या त्यांच्या जन्मगावच्या ग्रंथालयात ते एखाद्या अननुभवी विद्यार्थ्याच्या भूमिकेतून गेले आणि बरोक काळातील इटालियन ग्रंथांतील रूपकविचार या विषयाची संदर्भसूची तेथील तालिकांवरून काही दुपारींत उभी केली. लहान गावातही आरंभ करता येतो, हे त्यांनी अशा रीतीने कृतीने दाखवले. नॉर्मन कोह्न यांच्या ग्रंथातील एका उताऱ्याच्या आधारे प्रामाणिक सारांश व उचललेला मजकूर यांतील भेदही त्यांनी असाच प्रत्यक्ष दाखवला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी साम्याची टक्केवारी ठरवून दिली आहे. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. पण शब्द बदलून दुसऱ्याचा विचार उचलला, तर टक्केवारी मौन पाळते. एको यांचे उदाहरण विद्यार्थ्याला यंत्रापूर्वी स्वतःची परीक्षा घ्यायला शिकवते.

ग्रंथातील सर्वांत चर्चिलेला भाग विद्याविनयाचा होय. एको यांनी तुरीन विद्यापीठात लुइजी पारेयसॉन यांच्या मार्गदर्शनाखाली संत थॉमस अक्वायनस यांच्या सौंदर्यविचारावर प्रबंध लिहिला (१९५४). त्या कामातील एका कूटप्रश्नाची किल्ली आपल्याला व्हाले नावाच्या अप्रसिद्ध धर्मगुरूच्या जुन्या पुस्तकात मिळाली, म्हणून कोणताही लेखक क्षुल्लक मानू नये, असे ते सांगतात. पुढे १९८५ च्या प्रस्तावनेत त्यांनी कबूल केले की पुस्तक पुन्हा उघडून पाहिले, तेव्हा तो विचार व्हालेचा नव्हताच. वाचता वाचता तो त्यांनाच सुचला होता. या कबुलीने मूळ धडा खोटा पडतो, असे काहींना वाटेल. वस्तुतः तो अधिक पक्का होतो. आदराने केलेल्या वाचनातूनच स्वतःचा विचार जन्मला. आणि चूक आठ वर्षांनी का होईना, जाहीरपणे दुरुस्त झाली.

तथापि ग्रंथाच्या उणिवा झाकून चालणार नाहीत. मार्गदर्शकाकडून पिळवणूक कशी टाळावी यावर त्यात एक प्रकरणभाग आहे. पण सर्व सावधगिरी विद्यार्थ्यानेच बाळगायची, संस्थेचे उत्तरदायित्व जवळजवळ अनुल्लेखितच. दुसरी उणीव काळाची. सहा महिन्यांहून कमी नको, तीन वर्षांहून अधिक नको, हे त्यांचे प्रमाण पदवीप्रबंधाचे आहे. आपल्याकडे २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षे व सर्वसाधारण कमाल मुदत सहा वर्षे आहे. कनिष्ठ व वरिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळून मात्र पाचच वर्षांची. पाचव्या वर्षाअखेर ज्याचे दोन प्रकरणांचे लेखन शिल्लक असते, त्याच्यासाठी या ग्रंथात उत्तर नाही. ज्याला ती वृत्ती मुळातच मिळाली नाही, त्याची अडचण तर पहिल्याच महिन्यापासून सुरू होते.

असे असूनही, विषयनोंदणीच्या आधी वाचावा असा हा ग्रंथ आहे. नोंदणीनंतर त्याचा उपयोग निम्म्याने घटतो. एको यांचे चार नियम विद्यार्थ्याला पाळता येतील. पण अवाढव्य विषयाला नकार देणे ही मार्गदर्शकाची व संशोधन समितीचीही जबाबदारी आहे. तो नकार वेळेवर दिला गेला नाही, तर त्याची किंमत विद्यार्थ्याच्या आयुष्यातील वर्षांनी चुकती होते.