न आलेलं रडू

रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) या कादंबरीतलं पुस्तकांचं जळणं बहुतेकांच्या लक्षात राहतं. मला त्यातली एक रात्र छळते. पुस्तकं जाळण्याची नोकरी करणारा माँटॅग घरी येतो, तर बायको मिल्ड्रेड झोपेच्या तीस गोळ्या घेऊन निपचित पडलेली. दोन माणसं यंत्र घेऊन येतात. ती डॉक्टर नव्हेत. तुंबलेली मोरी उपसावी तसं सिगारेट ओढत तिचं पोट उपसतात, रक्त बदलतात आणि पुढच्या घराकडे निघतात. रोज रात्री अशी नऊ-दहा तरी माणसं असतात म्हणे. सकाळी मिल्ड्रेडला कडकडून भूक लागते, आणि रात्रीचं काहीच आठवत नाही.

लॉइस लोरी यांच्या ‘द गिव्हर’मध्ये (१९९३) आग नाही. तिथलं जग शांत, नेटकं, रंगसुद्धा काढून घेतलेलं. रोज संध्याकाळी घरातले सगळे दिवसभरात काय वाटलं ते एकमेकांना सांगतात, आणि ते वाटणं तिथेच निस्तरून टाकतात. बारा वर्षांचा जोनस आईवडिलांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात आणि शब्द नीट वापर म्हणून समजावतात.

याच वडिलांचं काम तान्ह्या बाळांना सांभाळणं. जुळी जन्मली की वजनाने हलकं असेल त्याची ‘सुटका’ करायची. वडील बाळाच्या कपाळाच्या शिरेत सुई टोचतात, लाडे लाडे बोलत. मग खोक्यात घालून ते खोकं कचऱ्याच्या वाटेने सोडून देतात, वर टाटाही करतात. कुणी गेलं की आपणही म्हणतो, ‘सुटला बिचारा’. पण म्हणताना आवंढा येतो. इथे आवंढा नाही, कारण मरण म्हणजे काय हेच त्या भल्या माणसाला कुणी कळू दिलेलं नाही. तो क्रूर असता तर हा प्रसंग सोसला असता.

ब्रॅडबरींची भाषा उपमांनी ओथंबते, कधी जास्तच. लोरी एकही उपमा न वापरता सुई दाखवतात. या एका प्रसंगापुरती मी त्यांनाच वरचढ मानतो.

पण ब्रॅडबरींनी एक जागा अशी गाठली आहे की तिथे लोरीही पोचत नाहीत. मिल्ड्रेड मेली तर आपल्याला रडू येणार नाही, हे माँटॅगला उमगतं आणि तो रडू लागतो. तिच्यासाठी नव्हे, न येणाऱ्या रडण्यासाठी. पुस्तकं का जपायची, याचं याहून खरं कारण त्या कादंबरीत दुसरं नाही. कारण वरिष्ठ अधिकारी बीटी त्याला सांगतो, बंदी आधी वरून आलीच नव्हती. लोकांनीच वाचणं सोडलं होतं, आणि त्याबरोबर रडणंही.

आपण पहिल्यांदा कुठे भेटलो, हे त्या नवराबायकोला दहा वर्षांनंतर आठवत नसतं. शेवटी शहरावर बॉम्ब पडतात आणि जमिनीला घट्ट बिलगलेल्या माँटॅगला एकाएकी आठवतं: शिकागो. तोवर मिल्ड्रेड उरलेली नसते.