ऐकीव गदर

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’विषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. भटजींनी डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले वेगळे ठेवले नाही, ही ती तक्रार. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी पुस्तक छापले, १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ संहिता पुढे आणली. अभ्यासक मात्र अजून त्यातले खरे-खोटे पाखडत बसले आहेत. मला वाटते, ते फोलपट म्हणून जे उडवून देतात, त्यातच पुस्तकाचा जीव आहे.

वरसईचे हे भिक्षुक १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले. महूजवळ शिपायांनी त्यांना काडतुसांची आणि धर्म बुडवणाऱ्या सरकारी कलमांची हकिकत ऐकवली. तशी कलमे कोणी काढली नव्हती. पण १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा खरा होता, काडतुसांच्या वंगणात चरबी असे, हेही खरे. त्याच सुमारास पिठात हाडांचा भुगा कालवल्याची आवई बाजारोबाजार फिरली. काडतूस दातांनी तोडायचे, पीठ पोटात जायचे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या हातचे तोंडात घालावे लागते, ही धास्ती अफवेने नेमकी पकडली होती.

झाशीचा वेढा स्वतः भोगून लिहितानाही भटजींचा सूर या ऐकीव मजकुराहून फारसा वेगळा नाही. त्यांच्या लेखी दोन्ही घडलेलेच. उणीव दुसरीच आहे : त्यांना सोवळ्याओवळ्याची भीती ऐकू येते, साऱ्याने पिचलेल्या कुळाची येत नाही. तो कान जॉर्ज लफेव्र या फ्रेंच इतिहासकाराला होता. १९३२ च्या ग्रंथात त्याने १७८९ च्या उन्हाळ्यातली दरोडेखोरांची हूल तपासली. दरोडेखोर आलेच नाहीत. हत्यारे घेऊन जमलेल्या शेतकऱ्यांनी कित्येक ठिकाणी जमीनदारांची दप्तरे मात्र जाळली.

सुरतेच्या कोसाडात राहून हे वाचताना सप्टेंबर १९९४ आठवणारच. ती क्रांती नव्हती, प्लेग होता. दगावले शंभराच्या आत, गाव सोडले लाखोंनी. नळाच्या पाण्यात विष कालवल्याची बोलवा उठली. पुन्हा तेच : परक्या हातचे, तोंडात जाणारे. ‘अफवा’ हा शब्द मराठीत आणि गुजरातीत एकच, त्यामुळे तिला आमच्या वस्तीत दुभाष्याची गरज पडली नाही.

भटजींनी आपली हकिकत पाव शतकाने लिहिली. १९९४ ला तीस वर्षे उलटून गेली, आणि नळाच्या पाण्याचा घोटही न घेता खानदेशच्या गाडीत बसलेली माणसे अजून आमच्या गल्लीत आहेत.