‘वारंवार’ म्हणजे किती वेळा?

अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘एडीएचडी’ म्हणतात, त्याची लक्षणांची यादी हल्ली शिक्षकांच्याही हाती सहज पडते. ही यादी अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेतील आहे. नऊ लक्षणे अवधानाची, नऊ चंचलतेची. कोणत्याही एका गटातील किमान सहा जुळावी लागतात. सोयगाव तालुक्यातील एखादा वर्ग डोळ्यांसमोर ठेवून आम्ही ती वाचून पाहिली.

अठराही लक्षणांना एकच शब्द चिकटलेला आहे: ‘वारंवार’. वारंवार जागेवरून उठतो, वारंवार वस्तू हरवतो, बोललेले ऐकत नाही असे वारंवार वाटते. तापाला तापमापी आहे, हिमोग्लोबिनला रक्ताची तपासणी आहे. ‘वारंवार’ची मोजपट्टी मात्र पाहणाऱ्याच्या मनात असते, आणि पाहणारे बहुधा आपण शिक्षकच. वीस मुलांच्या वर्गात आणि दोन इयत्ता एकत्र बसवलेल्या खोलीत आपली ही पट्टी तीच राहते काय?

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे शाळाप्रवेशाचे वय ३१ डिसेंबरला मोजतात, म्हणून डिसेंबरात जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान. जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत डिसेंबरच्या मुलग्यांत हे निदान ३० टक्क्यांनी आणि मुलींत ७० टक्क्यांनी जास्त आढळले. औषध मिळण्याचे प्रमाण अनुक्रमे ४१ आणि ७७ टक्क्यांनी जास्त. जन्माचा महिना बदलला म्हणून मेंदूचा विकार होत नाही. निदान काही मुलांच्या बाबतीत तरी कोवळेपणाच आजार म्हणून वाचला गेला असणार. (आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर गुरुजींनी घातलेली १ जून ही जन्मतारीख इतकी मुबलक आहे, की असा अभ्यास त्यांवर करताच येणार नाही!)

तरीही यादीवर सगळे खापर फोडणे अन्यायाचे होईल. पुस्तिकेने अटी घातल्या आहेत: लक्षणे सहा महिने टिकलेली हवीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसायला हवीत. आणि केवळ सूचना न समजल्यामुळे घडणारे वागणे त्यात धरायचे नाही. हातोहाती फिरणाऱ्या यादीतून नेमक्या याच ओळी गळतात. सोयगावसाठी शेवटची अट फार मोलाची आहे. तांड्यावरून येणारे मूल घरी गोरमाटी बोलते, कुणाच्या घरी खानदेशी वळणाची बोली असते. पुस्तकी मराठीतील सूचना पहिलीच्या मुलाच्या डोक्यावरून गेली, तर ते खिडकीबाहेर बघणारच. वाहणारा कान, अधू नजर, रक्तक्षय, अपुरी झोप यांनीही लक्ष उडते. काही सेकंद शून्यात पाहणारे मूल कधी फिट्सच्या एका सौम्य प्रकाराचे रुग्ण असते. त्याला तर वेगळेच औषध लागते.

खऱ्या एडीएचडीचे औषध मुख्यतः मिथाइलफेनिडेट. ते १९४४ मध्ये प्रथम तयार झाले. ते निरुपयोगी आहे असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, चौदा महिन्यांच्या अखेरीस, काळजीपूर्वक दिलेले औषध हे नुसत्या वर्तनोपचारापेक्षा मुख्य लक्षणांवर सरस ठरले. मात्र तीन वर्षांनी पाहिले तेव्हा गटांमधील हा फरक उरला नव्हता. शिवाय भूक, झोप, उंची, नाडी, रक्तदाब यांवर सतत नजर ठेवावी लागते. भारतात हे औषध ‘शेड्यूल एक्स’मध्ये मोडते, चिठ्ठी दोन प्रतींत लागते. सोयगावच्या पालकांना घाटी रुग्णालय शंभरेक किलोमीटर दूर. मजुरी बुडवून तेथे किती खेपा होतील, हा प्रश्न पुस्तिकेत नाही. पण उपचार टिकणे यावरच अवलंबून असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या २०१३ पासूनच्या तपासणी-यादीत हा विकारही आहे. पथकाने शाळेत वर्षातून एकदा यावे अशी योजना आहे. त्या थोड्या वेळात डॉक्टरांना सहा महिन्यांचे वागणे दिसणे शक्य नाही; ते आपल्या वहीत असायला हवे. ‘एडीएचडी वाटतो’ असे तीत लिहू नये. कोणत्या तासाला उठला, त्या वेळी काय चालले होते, बोलीतून सांगितल्यावर काय केले, खेळात कसा असतो, आई काय म्हणते, कान-डोळे कधी तपासले, एवढे लिहावे.