रीगलचा शेवटचा खेळ

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील ‘रीगल’ चित्रपटगृह ३० मार्च २०१७ रोजी बंद झाले. त्या दिवशी सायंकाळी ‘मेरा नाम जोकर’ व रात्री ‘संगम’ असे राज कपूर यांचे दोन चित्रपट निरोपादाखल दाखविण्यात आले, आणि एरवी ओस पडणाऱ्या त्या गृहात एका रात्रीपुरती गर्दी लोटली. या निरोपाविषयी पुष्कळ लिहिले गेले. बहुतेक सारे गहिवरून. त्या गहिवराशी आमचे भांडण नाही, परंतु त्यातून निघालेला निष्कर्ष आम्हांस मान्य नाही.

वॉल्टर साइक्स जॉर्ज या वास्तुविशारदाने आखलेली आणि सोभा सिंग यांनी बांधलेली ही वास्तू १९३२ साली उघडली. मुंबईहून बदली होऊन दिल्लीस आलेल्या मराठी माणसास ‘रीगल’ म्हणताच कुलाब्याचे आठवते. पण ते १९३३ चे, म्हणजे दिल्लीकर एका वर्षाने थोरले! रीगल केवळ पडद्यासाठी बांधलेले नव्हते. तेथे नाटके होत, बॅले होत, आणि चित्रपटही होत. त्याच इमारतीत एकीकडे ‘गेलॉर्ड’चे साहेबी जेवण, दुसरीकडे खादी भवन. कचेरी सुटल्यावर माणसाने यावे, काही पाहावे, काही खावे, व्हरांड्यातून दोन फेऱ्या माराव्यात, अशी त्या जागेची योजना होती. चित्रपट हा त्या संध्याकाळचा एक भाग होता, सर्वस्व नव्हे.

रीगलच्या मृत्यूचे खापर दूरदर्शन, व्हिडिओ आणि बहुपडदा चित्रपटगृहे यांच्यावर फोडले जाते. १९९७ साली दिल्लीच्याच साकेतमध्ये ‘अनुपम’ हे बहुपडदा गृह सुरू झाले. त्याच वर्षी १३ जूनला ‘उपहार’च्या आगीत ५९ माणसे मेली आणि जुन्या चित्रपटगृहांवरचा विश्वास उडाला. हे सारे खरे. परंतु रीगलपासून हाकेच्या अंतरावरील ‘प्लाझा’ नव्या व्यवस्थापनाखाली २००४ साली पुन्हा उघडले, आणि २००५ पासून मेट्रोचे मोठे स्थानक तर कॅनॉट प्लेसच्या पोटातच आले. माणसांचा तुटवडा तेथे कधीच नव्हता. तुटवडा होता तो दुसऱ्या आधाराचा. एकपडदा गृहाचा चित्रपट पडला की आठवडा पडतो. बहुपडद्याचा मालक तोच चित्रपट लहान दालनात ढकलून मोकळा होतो. रीगलजवळ एके काळी रंगमंच हा असा दुसरा आधार होता. तो सुटला त्याच दिवशी त्याचा ऱ्हास सुरू झाला, असे आमचे मत आहे.

शेवटच्या दोन चित्रपटांची निवडही विचार करण्याजोगी आहे. ‘संगम’ (१९६४) आणि ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) हे दोन्ही सुमारे चार तासांचे, दोन-दोन मध्यंतरांचे. त्यांतला दुसरा तर प्रदर्शनाच्या वेळी सपशेल आपटला होता. अख्खी संध्याकाळ एका चित्रपटास देणारा प्रेक्षक त्यांनी गृहीत धरला होता. निरोपास आलेले लोक त्या प्रेक्षकाची आठवण साजरी करीत होते, आणि आपणच त्याला कधी सोडून दिले हे सोयिस्करपणे विसरत होते.

आम्ही निवड केली असती तर दीपा मेहता यांचा ‘फायर’ही ठेवला असता. डिसेंबर १९९८ मध्ये याच चित्रपटावरून निदर्शकांनी रीगलवर चाल केली, मोडतोड केली. त्याविरुद्ध पुढे मेणबत्त्या घेऊन दिल्लीकर रस्त्यावर आले. कोणी काय पाहावे हा प्रश्न ज्या दारात लढला गेला, त्याचा निरोप केवळ गोड आठवणींवर भागवणे आम्हांस अपुरे वाटते.

२०१७ च्या डिसेंबरात याच इमारतीत मादाम तुसाँचे मेणपुतळ्यांचे संग्रहालय उघडले. त्यात दिल्लीतच जन्मलेल्या मधुबालेचाही पुतळा होता. २०२० च्या टाळेबंदीनंतर तेही येथून उठले आणि नोएडास गेले.