‘मर्डर बाय नॅचरल कॉझेस’ : एक विसरलेला रहस्यपट

लेफ्टनंट कोलंबो ठाऊक नाही असा रहस्यप्रेमी विरळाच. पण कोलंबोचे जनक रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक यांनीच लिहिलेला ‘मर्डर बाय नॅचरल कॉझेस’ आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने १९७९ साली दाखवलेला हा दूरचित्रवाणीपट कोलंबोच्या सावलीत झाकला गेला. तो मुद्दाम मिळवून पाहावा असा आहे.

आर्थर सिंक्लेअर (हॅल होलब्रूक) हा रंगमंचावर लोकांच्या मनातले ओळखून दाखवणारा नामांकित कलावंत. त्याचे हृदय अधू आहे. त्याची पत्नी ॲलिसन (कॅथरिन रॉस) हिला तो नकोसा झाला आहे. एका नटाला (बॅरी बोस्टविक) ती हाताशी धरते. बेत असा, की आर्थरला इतके घाबरवायचे की त्याचे हृदयच बंद पडावे. मग ना विष, ना सुरा. दाखल्यावर ‘नैसर्गिक मृत्यू’. पुढे डाव कसकसे उलटतात ते सांगून वाचकांचा रसभंग करीत नाही.

हृदयविकाराच्या रोग्याला दगदग नको, धक्का नको, हे आम्ही परिचारिका घरच्या माणसाला बजावून सांगत असू. ॲलिसन तेच उलटे वापरते. रोग्याला जपण्यासाठी मिळालेली माहिती हेच तिचे हत्यार. खुनी उशाशी बसणारा असतो, म्हणून दोन माणसे खोलीत नुसती बोलत असली तरी अंगावर काटा येतो.

भीतीने माणूस मरतो का? १९९० साली जपानी डॉक्टरांनी ‘ताकोत्सुबो’ या विकाराचे वर्णन केले. तीव्र भीती किंवा शोक यांमुळे हृदयाचा डावा कप्पा काही काळ दुबळा होतो. परंतु बहुतेक रोगी बरे होतात. म्हणजे ॲलिसनचा बेत अगदीच अशक्य नाही, पण भरवशाचाही नाही. लेखक मात्र हृदयाला दिव्याच्या बटणासारखे वागवतात, हा मला दोष वाटतो. शिवाय अखेरीस कलाटण्यांची इतकी गर्दी होते की कोणाबद्दल हळहळायला उसंतच मिळत नाही.

लेव्हिन्सन स्वतः १९८७ साली, अवघ्या ५२ व्या वर्षी, हृदयविकारानेच वारले. हे कळल्यावर चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा त्यातली गंमत थोडी कमी झाली होती आणि भीती अधिक खरी वाटली.