जमा, खर्च आणि जामा

नाटकाचं परीक्षण लिहिणारे लोक शेवटच्या परिच्छेदात ‘वेषभूषा ठीक’ असं लिहून मोकळे होतात. त्या ‘ठीक’मागे कुणाची मान अवघडलेली असते आणि कुणाच्या बोटात सुई घुसलेली असते, याचा त्यांना पत्ता नसतो. मला आहे. कारण आमच्या वहिनी घरी ऐतिहासिक पोशाख शिवतात. हौस म्हणून. एकत्र कुटुंबात एकाला छंद जडला की बाकीच्यांना आपोआप काम लागतं. माझं काम म्हणजे रविवारी सकाळी दोन्ही हात फाकून दिवाणखान्यात उभं राहणं. तेव्हा बँकेतल्या कारकुनाला या कलेवर टीका करण्याचा अधिकार काय, असं कुणी विचारू नये. या कलेत मी अक्षरशः उभा राहिलेला माणूस आहे.

वहिनींच्या छंदाचं मूळ भाड्याच्या पोशाखात आहे. शाळेच्या गॅदरिंगसाठी जो राजा भाड्यानं मिळतो, तो तुम्हीही पाहिला असेल. चकाकणारं नायलॉनचं मखमल, त्याला सोनेरी लेस आणि पाठीवर वेल्क्रो. पुढून सतरावं शतक, मागून विसावं! हाच पोशाख सोमवारी शिवाजी महाराज, मंगळवारी अकबर आणि बुधवारी परीकथेतला राजा यांच्या अंगावर चढतो. आमच्या बँकेतली बदलीची कारकून मंडळीसुद्धा इतक्या काउंटरांवर बसत नाहीत.

वहिनींनी हे पाहिलं आणि सतराव्या शतकातली दख्खनी चित्रं भिंगाखाली धरली. तिथं त्यांना जामा भेटला. वर अंगाबरोबर बसणारा, खाली कळ्या जोडून घेर दिलेला, बाह्या हातापेक्षा लांब, म्हणजे मनगटाशी त्यांच्या चुण्या पडाव्यात. कमरेला पटका. बटण एकही नाही, सगळा कारभार बंदांवर.

“भावोजी, तुम्ही हिंदू की मुसलमान?” तोंडात टाचण्या धरून वहिनींनी एकदा विचारलं.

वीस वर्षं माझ्या पानात पुरणपोळी वाढणाऱ्या बाईनं हे विचारल्यावर मी जरा चपापलो.

“अहो, म्हणजे बंद कुठल्या बगलेत बांधू? मुघलांच्या काळात हिंदू डावीकडे बांधायचे, मुसलमान उजवीकडे. चित्रातला माणूस कोण, हे त्यावरूनही ओळखता येतं.”

मी बी.कॉम. आहे. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू यावर माझी उभी हयात गेली. पण माणसाच्या बगलेतही अशी डावी-उजवी बाजू असते, हे मला कुठल्याच पाठ्यपुस्तकानं सांगितलं नव्हतं. भाड्याच्या वेल्क्रोत हे सगळं ज्ञान चर्रकन फाटून जातं. वहिनींच्या छंदाची ही जमेची बाजू.

आता खर्चाची. पहिला आक्षेप असा, की आतली शिवण मशीनवर आणि बाहेरून दिसणारे टाके तेवढे हातानं, अशी वहिनींची पद्धत आहे. आत मशीन, बाहेर इतिहास! एकतीस मार्चला आम्हीही ताळेबंद असाच सजवतो. सिंगरच्या मशीनचं पेटंट १८५१ सालचं आणि सेफ्टी पिनेचं १८४९ सालचं. पेशवाई बुडाली १८१८ साली. म्हणजे पेशव्यांनी अटकेपर्यंतचा सगळा पराक्रम एकाही सेफ्टी पिनेशिवाय केला. वहिनींच्या बाजीरावाच्या पटक्यात मात्र मी स्वतः सहा मोजल्या.

दुसरा आक्षेप शिवलेल्या नऊवारीवर आहे. आठ-सव्वाआठ मीटरचं अखंड वस्त्र, त्याला ना कात्री ना सुई, नुसत्या निऱ्या आणि काष्टा यांवर बाई घोड्यावर बसते, ही त्यातली खरी करामत. त्यालाच इलॅस्टिक लावून पायजम्यासारखं चढवायचं? वहिनी म्हणतात, “पोरींना नेसता येत नाही, भावोजी.” मग नेसायला शिकवावं! शिवण्याच्या कलेतला सर्वांत अवघड धडा कुठं शिवू नये हा आहे. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना १९८३ साली ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं ते पहिलं. चित्रपट कुठला? ‘गांधी’. ज्याचा नायक बॅरिस्टरच्या सुटापासून सुरुवात करतो आणि पंचावर येऊन थांबतो! त्या पंचाला कुणी इलॅस्टिक लावलं नाही, म्हणून तो पंचा खरा वाटला.

तिसरा आक्षेप मात्र विनोदाचा नाही. घरोघरी जो इतिहास शिवला जातो, तो फक्त राजांचा. आमच्या चिरंजीवांना गॅदरिंगमध्ये तीन वर्षं ‘मावळा क्रमांक चार’ हीच भूमिका मिळाली. त्याच्यासाठी कुणी भिंग काढलं नाही. भगवं सॅटिन गुंडाळलं, झाला मावळा. सॅटिनमध्ये लखलखणारा मावळा पाहून पोरांना वाटतं, स्वराज्य म्हणजे कुणाच्या तरी लग्नाची वरात होती. उन्हापावसात घोंगडी पांघरून हिंडलेल्या माणसाचे कपडे जुने असणार, विटलेले असणार, गुडघ्यावर फाटलेले असणार. त्या फाटण्यातच त्याचा पराक्रम आहे.

हे मी वहिनींना ऐकवलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या नुसत्या गप्प झाल्या. पुढच्या महिन्यात माळ्यावरचं आमच्या आजोबांचं जुनं धोतर खाली आलं. त्याची बाराबंदी बेतली गेली. चहाच्या पाण्यात बुडवून, दगडावर आपटून, चार दिवस उन्हात टाकून तिला म्हातारी केली. सगळे टाके हातानं घातले, आतलेसुद्धा. कोपरावर एक ठिगळ आहे. ते खोटं नाही. धोतर तिथं खरोखरच विरलं होतं.

टीकाकार म्हणून माझं मत विचाराल, तर वहिनींचं आजवरचं सर्वोत्तम काम हेच. साडेनऊ मीटरच्या जाम्यापेक्षा या बाराबंदीत इतिहास जास्त मावला आहे. खर्च शून्य, म्हणून बँकेच्या माणसाला जास्त आवडली, असं घरात बोललं जातं. ते खोडून काढण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही.